बादलीतलं रोप मान टाकतंय? खताची बाटली उघडण्याआधी झाकण उचला

बाल्कनीतल्या वीस लिटरच्या बादलीत मातीविना, नुसत्या खताच्या पाण्यावर (हायड्रोपोनिक्स पद्धतीने) लावलेलं टोमॅटोचं किंवा मिरचीचं रोप साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुसतं. बियाण्याच्या दलांनंतरची पहिली दोन खरी पानं झकास येतात, मग नवं पान पिवळट निघतं, नाहीतर भर दुपारी सगळं रोपच मान टाकतं. अशा वेळी हात आधी खताच्या बाटलीकडे जातो आणि घोळ तिथेच सुरू होतो. मातीत जास्तीचं खत थोडंफार खपून जातं. बादलीत मुळं आणि खत यांच्यामध्ये फक्त पाणी असतं, त्यामुळे काहीच खपत नाही. लहान रोपाला खत खरोखर कमी पडलंय असं क्वचितच होतं. खत समोर आहे पण मूळ ते उचलू शकत नाही, हेच जास्त वेळा आढळतं.

पुढची माहिती एअर पंप लावलेल्या बादलीसाठी आहे: झाकणात जाळीचा कप, कपात कोकोपीट किंवा रॉकवूलचा (दगडी तंतूंचा) ठोकळा, खाली खताचं पाणी. बिनपंपाच्या डब्याला किंवा पाइपच्या सिस्टिमलाही यातलं बहुतेक लागू पडतं.

पहिली पंधरा मिनिटं काहीही ओतायचं नाही

सुरुवात मीटरपासून करा. बाजारात मिळणारे पेनसारखे पीएच (पाण्याचा आंबटपणा) मोजणारे मीटर महिन्याभरात अर्धा-पाऊण अंकाने सहज चुकतात. सोबत ६.८६ आणि ४.०१ अशा दोन पुड्या येतात. प्रत्येक पुडी २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. मीटर आधी ६.८६ ला जुळवा, पाण्याने विसळा, मग ४.०१ ला बघा. दुसऱ्या पाण्यात तो ४.३ किंवा ३.७ दाखवत असेल आणि जुळवूनही जुळत नसेल, तर टोकाची काच सुकून खराब झाली आहे. काच कोरडी पडू देऊ नका आणि डिस्टिल्ड पाण्यात बुडवूनही ठेवू नका. टोपणात ४.०१ च्या द्रावणाचे चार थेंब पुरतात.

टीडीएस पेनचीही एक गोम आहे. बहुतेक पेन ईसी (पाण्याची वीजवाहकता, म्हणजे त्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप) मोजून त्याला ५०० ने गुणतात, काही ७०० ने. म्हणजे १.० ईसीचं तेच पाणी एका पेनवर ५०० दिसतं आणि दुसऱ्यावर ७००. कुणी 'सहाशे ठेवा' असं सांगितलं तर आधी कुठल्या मापाने ते विचारा. आपण ईसीतच बोलू.

आता बादलीतल्या पाण्याचे तीन आकडे वहीत टिपा: पीएच, ईसी, तापमान. लहान रोपांसाठी पीएच ५.५ ते ६.२ असावा. ईसी लेट्यूसला ०.६ ते ०.८, मिरचीला ०.८ ते १.०, टोमॅटोला तीन खरी पानं येईपर्यंत ०.८ आणि नंतर हळूहळू १.२. पाणी १८ ते २४ अंश. या पट्ट्याबाहेर काही असेल तर पानांवरची लक्षणं वाचायच्या भानगडीत सध्या पडू नका. आधी आकडा जागेवर आणा.

काल-परवाचे आकडे लिहिलेले असतील तर फारच उत्तम, कारण एका आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त सांगते. पाण्याची पातळी उतरतेय आणि ईसी चढतोय, याचा अर्थ रोप नुसतं पाणी पितंय, खत मागे उरतंय. द्रावण तिखट झालंय, साधं पाणी घाला. पातळीबरोबर ईसीही उतरत असेल तर रोपाला भूक आहे. पीएच रोज थोडा वर सरकणं हे नायट्रेट खाणाऱ्या धडधाकट रोपाचं लक्षण आहे, त्याने घाबरू नका. पीएच एकाएकी खाली घसरला आणि पाण्याला वास यायला लागला, तर मात्र लगेच मुळांकडे वळा.

मूळ कसं बघायचं

झाकण सरळ वर उचला. मुळं ताणू देऊ नका आणि उन्हात धरू नका. कोवळं निरोगी मूळ दुधासारखं पांढरं असतं आणि हातात घेतल्यावर ताठर लागतं. पाण्याच्या वरच्या हवेतल्या मुळांवर बारीक पांढरी लव दिसते. पुष्कळ जण तिला बुरशी समजून धुऊन टाकतात. ती मुळांचीच केसरं आहेत, त्यांना हात लावू नका. तपकिरी रंग म्हणजे सड, असंही लगेच ठरवू नका. कोकोपीटच्या रंगाने मुळं चहासारखी होतात, रंगीत खतानेही होतात.

खरी परीक्षा चिमटीत आणि नाकाशी होते. एक तपकिरी मूळ अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच खाली ओढा. चांगलं मूळ जसंच्या तसं राहतं. सडलेल्या मुळाची वरची साल मोज्यासारखी सरकून बोटांत येते आणि मागे केसाएवढा बारीक दोरा लोंबत राहतो. बोटांना बुळबुळीत लागतं, वास तुंबलेल्या गटारासारखा येतो. हे बहुतेक वेळा पिथियम या बुरशीसारख्या जीवाचं काम. झाकणाखाली लखलखीत पांढरी मुळं आणि वर सुकलेलं रोप असं चित्र असेल, तर ती सड नव्हे. उष्णता, जास्त ईसी किंवा पंख्याचा थेट झोत यांपैकी काहीतरी आहे.

सड लागते ती गरम पाण्यामुळे. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. इकडे प्राणवायू कमी होतो, तिकडे गरम पाण्यात मुळांचा श्वास वाढतो आणि बुरशीलाही जोर चढतो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडच्या बाल्कनीत काळी बादली ठेवली, तर संध्याकाळी पाणी ३२-३३ अंशांवर गेलेलं सापडतं. मग पंपाचे बुडबुडे कितीही उठोत, उपयोग मर्यादितच.

उपाय अगदी घरगुती आहे. बादली आतून काळीच हवी, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. पण बाहेरून तिला पांढरा रंग द्या किंवा स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळा. बादली फरशीवर न ठेवता विटेवर किंवा लाकडी पाटावर ठेवा. दुपारी एक लिटरची बाटली गोठवून, बाहेरून धुऊन, घट्ट झाकणासकट वीस लिटर पाण्यात सोडा. पाणी चार-पाच अंशांनी उतरतं. दोन बाटल्या आलटून पालटून वापरा. बर्फ सुटा टाकू नका, द्रावण पातळ होतं.

पंपाबद्दल दोन गोष्टी. वीस लिटरला मिनिटाला दोन ते चार लिटर हवा देणारा मत्स्यालयाचा पंप पुरतो. तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवा. नाहीतर वीज गेल्यावर बादलीतलं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. बुडबुडे मोठे आणि मोजके यायला लागले की नळीच्या टोकाचा हवेचा दगड (एअर स्टोन) क्षाराने बुजलाय. तो रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. तास-दोन तासांच्या भारनियमनाने रोप मरत नाही, पण त्यासाठी वरची मुळं हवेत असायला हवीत. इथेच पाण्याच्या पातळीचा प्रश्न येतो. मुळं कपाबाहेर येईपर्यंत पाणी कपाच्या बुडाला जेमतेम लागेल इतकं ठेवा. मुळं पाण्यात पोचली की पातळी दोन-तीन सेंटिमीटर खाली आणा. मधल्या मोकळ्या जागेत हवेची मुळं तयार होतात. नंतर कौतुकाने बादली काठोकाठ भरलीत तर तीच मुळं गुदमरतात आणि भरपूर पाण्यात उभं असलेलं रोप सुकतं. बिनपंपाच्या डब्यात ही चूक हमखास नडते.

पाणी कुठलं आहे?

मुंबईच्या तलावांचं किंवा पुण्यात धरणाचं नळाचं पाणी हलकं असतं, त्यावर फारशी खटपट लागत नाही. बोअर आणि टँकरचं पाणी मात्र वेगळंच प्रकरण. बोअरचा टीडीएस ८०० असेल, तर चमचाभर खत घालायच्या आधीच ईसी १.६ झालेला असतो. लेट्यूसच्या रोपाला तेच जास्त. त्यात आणखी ए-बी (ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येणारं तयार खत) घातलं की पानांच्या कडा करपतात. असं पाणी निम्मं आरओच्या पाण्यात मिसळा. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र काटकसर म्हणून इथे वापरू नका. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाटलेले असतात.

जड पाण्यात बायकार्बोनेट असतं. पीएच संध्याकाळी ५.८ ला आणून ठेवला आणि सकाळी ७.२ झाला, तर कारण हेच. अशा वेळी खत घालण्याआधीच पाण्यात आम्ल घालून पीएच ५.८ वर आणा, रात्रभर पंपाची हवा सोडा, सकाळी पुन्हा मोजून पुन्हा उतरवा आणि मगच खत घाला. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल १० मिली घेऊन एक लिटर पाण्यात सोडा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि हातमोजे व चष्मा हवाच. हे पातळ द्रावण बादलीत पाच-पाच मिली घाला, ढवळा, मोजा. लिंबूफूल आणि व्हिनेगर अडीअडचणीला चालतं, पण पाण्यातले जीवाणू ते खाऊन टाकतात. पीएच परत वर जातो आणि वर चिकटा वाढतो.

सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवला असेल तर तेही लक्षात घ्या. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून जागी सोडियम सोडतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, भांड्यांवर डाग पडत नाहीत, माणसं खूश. रोप मात्र कॅल्शियमवाचून कुढतं. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. नळाच्या क्लोरिनला लोक उगाच जास्त दोष देतात. पाणी एक रात्र उघडं ठेवलं की तो विषय संपतो.

१९:१९:१९ बादलीत नको

कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं म्हणून अनेक जण हेच आणतात. शेतात ठिबकमधून ते उत्तम चालतं, बादलीत नाही. त्यातलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जीवाणू युरियाचं नायट्रेट करतात. नव्या बादलीत ते जीवाणू पुरेसे नसतात. वर युरिया ईसी मीटरला दिसतही नाही, त्यामुळे आकडा कमी वाटून माणूस आणखी घालतो. शिवाय कॅल्शियम शून्य.

तिथूनच सुटी विद्राव्य खतं आणायची असतील तर रोपांसाठी दहा लिटर हलक्या पाण्याला हे प्रमाण ठेवा: कॅल्शियम नायट्रेट ४ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:००:४५ हे २ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ००:५२:३४ हे १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम. ईसी ०.८-०.९ च्या आसपास येतो. लेट्यूसला थोडं पाणी वाढवा. लोहासाठी १२ टक्क्यांचं चिलेटेड (पाण्यात विरघळलेलं राहील असं बांधलेलं) लोह १० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात वेगळं द्रावण करा आणि त्यातलं १० मिली या दहा लिटरला घाला. बोरॉन, जस्त वगैरेसाठी हायड्रोपोनिक्सचं तयार सूक्ष्मद्रव्य पुडीवरच्या मात्रेच्या निम्मं द्या. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवा आणि बाकीची खतं बादलीत पूर्ण ढवळून झाल्यावर शेवटी घाला. घट्ट द्रावणं एकत्र केली तर सल्फेट-फॉस्फेटशी जमून पांढरा चुनखडीसारखा साका बसतो. तो साका म्हणजे तुमचंच खत, रोपाला आता मिळणार नाही असं. तयार ए आणि बी बाटल्या वेगळ्या असतात त्याही याच कारणाने.

आता पानं वाचा

आकडे जागेवर आहेत, मुळं पांढरी आहेत, तरी रोप बिघडलंय, तर पानांकडे या. पहिला प्रश्न एकच: बिघाड जुन्या पानांवर आहे की नव्या? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम रोप जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून त्यांची टंचाई खालच्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही, म्हणून त्यांची टंचाई शेंड्यावर दिसते.

खालची पानं एकसारखी फिकट होत गेली तर नत्र. खालच्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर मॅग्नेशियम. आरओच्या पाण्यावर हे फार दिसतं. दहा लिटरला एक ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट वाढवा. बियाण्याची पहिली दोन दलं पिवळी होऊन गळणं हा काही आजार नव्हे, त्यांचं काम झालं. शेंड्याची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी आणि शिरांची जाळी हिरवी, हे लोहाचं. पण लोह घालण्याआधी पीएच बघा. साधं ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह पीएच ६.५ च्या पुढे टिकत नाही, बुडाशी गंज होऊन बसतं. पीएच ५.८ ला आणला की बहुतेक वेळा आठवड्याच्या आत नवं पान हिरवं निघतं. बोअरचं पाणी ऐकतच नसेल तर डीटीपीए किंवा ईडीडीएचए लोह घ्या.

टोमॅटोचं देठ आणि पानाची खालची बाजू जांभळी पडली की लोक स्फुरद वाढवतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे आधी पाण्यात थर्मामीटर घाला. १५ अंशांखाली मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही. बादली घरात आणली की जांभळेपणा आपोआप ओसरतो.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं करपली तर ते कॅल्शियमचं दुखणं, पण बादलीत कॅल्शियम भरपूर असतानाही होतं. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं. कोंदट, स्थिर हवेत आतल्या पानांतून पाणी उडत नाही, त्यामुळे तिथवर ते पोचत नाही. पावसाळ्यात हे हटकून होतं. छोटा पंखा मंद गतीवर, झोत रोपांच्या थोडा वरून जाईल असा लावा आणि ईसी ०.२ ने उतरवा.

मिरचीची पानं वळली की खताचा विचार सोडा आणि दहापट भिंग आणा. पानं होडीसारखी वर वळलीत तर फुलकिडे, खाली वळून लांबट झालीत तर कोळी (माइट), असा ढोबळ ठोकताळा आहे. शेतकरी ज्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात तेच हे, फक्त चौथ्या मजल्यावर. फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा. निंबोळी तेल लिटरला तीन मिली, थोड्या सौम्य साबणाबरोबर, सूर्य मावळल्यावर पानांच्या खालून फवारा. बादलीच्या पाण्यात ते पडू देऊ नका. नवी पानं बारीक, गोळा होऊन येत राहिली आणि भिंगाखाली कीडही दिसेना, तर विषाणू समजून रोप उपटा.

रोप बारीक देठाचं, उंच आणि वाकलेलं असेल तर उजेड कमी आहे, दुसरं काही नाही. फोनमधल्या लक्समीटरने पानाच्या उंचीवर निदान १२-१५ हजार लक्स मिळायला हवेत. एलईडी ट्यूब पंधरा-वीस सेंटिमीटरवर आणा आणि चौदा-सोळा तास ठेवा. देठ कोकोपीटच्या पातळीशी बारीक होऊन, काळं पडून रोप कोलमडलं, तर त्यावर इलाज नाही. ठोकळ्यासकट टाकून द्या. पुढच्या वेळी ठोकळा पिळल्यावर दोन-चार थेंब पडतील इतकाच ओला ठेवा. कोकोपीटची वीट न धुता वापरली तर त्यातलं मीठ रोपाला पहिल्याच आठवड्यात चटका देतं. निथळलेल्या पाण्याचा ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत ती धुवा. रॉकवूल वापरत असाल तर तासभर ५.५ पीएचच्या पाण्यात भिजवा, कोरं रॉकवूल अल्कधर्मी असतं.

सड लागलेलं रोप वाचवायचं असेल तर

निम्म्याहून जास्त मुळं पांढरी असतील तर खटपट करा, नाहीतर नवं बी टाकणं स्वस्त पडतं. बादली रिकामी करा. बादली, नळी आणि हवेचा दगड लिटरला दहा मिली घरगुती ब्लीच घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवा, मग वास जाईपर्यंत धुवा. ब्लीच आणि आम्ल एकमेकांच्या जवळही येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो. तोवर मुळं साध्या, त्याच तापमानाच्या पाण्याखाली हलकेच धुवा आणि साल सुटलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. पाणी ईसी ०.६, पीएच ५.८, २०-२२ अंश असं भरा. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं. ते लिटरला एक ते दीड मिली, एकदाच घाला. बाटलीवर ३ टक्के लिहिलं असेल तर दुप्पट घ्या. ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस (सडीशी लढणारे उपयुक्त सूक्ष्मजीव) देणार असाल तर पेरॉक्साइडनंतर दोन-तीन दिवस थांबा, एकत्र दिलं तर ते जीवच मरतात. दिवा दहा सेंटिमीटर वर घ्या. कापलेल्या मुळांच्या मानाने पानं जास्त असतील तर खालची दोन पानंही काढा.

मग पाच दिवस हात बांधून बसा. रोज फक्त तीन आकडे लिहा. करपलेलं किंवा पिवळं झालेलं जुनं पान बहुधा पूर्वपदावर येत नाही, त्याच्याकडे बघून निकाल लावू नका. आधी ठोकळ्याच्या बुडाशी पांढरी टोकं फुटतात, मग शेंडा हलतो. मुळांची टोकं दिसली तर सहाव्या दिवशी ईसी ०.८ वर न्या. नाही दिसली, तर रोप काढा, बादली पुन्हा ब्लीचने धुवा आणि उन्हात पालथी घाला.